सागरी विमा : त्याचें तत्त्व व आजच्या काळांतील अडचणी

नाशिकास समुद्र नाहीं. तरी समुद्राशीं नाशिकचा संबंध फार जुना आहे. पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यांत उषवदात याचा जो शिलालेख आहे, त्यांत आपल्याच परिसरांतील गोवर्धन या स्थळाबरोबर भरुकच्छ व शूर्पारक, म्हणजे भडोच व सोपारा, यांचीं नांवें कोरलेलीं आहेत. आज निफाड, दिंडोरी व पिंपळगांव बसवंत येथील द्राक्षें थंड कंटेनरांत भरून न्हावाशेव्याच्या बंदरांतून युरोपांत जातात, व त्या प्रवासावर आपल्या जिल्ह्यांतील हजारों घरांचें वर्षाचें उत्पन्न अवलंबून असतें. हा माल वाटेंत बुडाला, जळाला किंवा नासला, तर तें नुकसान कोणीं सोसावें? हा प्रश्न केवळ मुंबईच्या पेढ्यांचा नसून आपलाही आहे. म्हणून सागरी विम्याचें तत्त्व काय व आज विमेवाल्यांपुढें कोणत्या अडचणी उभ्या आहेत, हें विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

विम्याचें तत्त्व

विमा हा संकट टाळण्याचा उपाय नव्हे. एकावर आलेलें नुकसान अनेकांनीं वांटून घेण्याची ती व्यवस्था होय. समजा, शंभर व्यापारी आहेत, प्रत्येकाचा माल एक लाख रुपयांचा आहे, आणि वर्षाकांठीं शंभरांतून एकाचा माल बुडतो असा अनुभव आहे. प्रत्येकानें हजार रुपये दिले, तर एक लाख रुपये जमतात व ज्याचा माल बुडाला त्याचें घर उभें राहतें. हे हजार रुपये म्हणजेच विम्याचा हप्ता. यावरून दोन गोष्टी ध्यानांत येतील. एक, विमेवाला मागील अनुभवावरून पुढील संकटाचा हिशेब करतो. दुसरी, माल कोणता व जहाज कसें, हें त्यास खरें खरें कळलें पाहिजे. कारण तो स्वतः जहाजावर नसतो. यासाठीं कायद्यानें विम्याच्या करारास परम विश्वासाचा करार मानिलें आहे. महत्त्वाची गोष्ट लपविली असल्यास विमेवाल्यास तो करार रद्द करतां येतो.

हा धंदा सतराव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्यें एडवर्ड लॉइड याच्या कॉफीगृहांत वाढीस लागला. आपल्याकडे १९१९ सालीं सर दोराबजी टाटा यांनीं मुंबईस न्यू इंडिया ही विमा कंपनी स्थापिली, व त्याच वर्षीं ५ एप्रिल रोजीं सिंधिया कंपनीची 'लॉयल्टी' ही आगबोट मुंबईहून इंग्लंडकडे निघाली. स्वदेशी जहाज व स्वदेशी विमा हीं एकाच वर्षीं पुढें आलीं, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. भारताचा स्वतःचा सागरी विम्याचा कायदा १९६३ सालीं झाला.

समाईक नुकसान

विम्याहूनही जुना असा एक समुद्राचा नियम आहे. वादळांत जहाज वांचविण्यासाठीं कोणाचा माल समुद्रांत टाकावा लागला, तर ज्यांचा ज्यांचा माल वांचला त्या सर्वांनीं व जहाजाच्या मालकानें आपापल्या प्रमाणांत तें नुकसान भरून द्यावें, असा तो नियम. प्राचीन ऱ्होड्स बेटाच्या नांवानें तो प्रसिद्ध आहे. प्रेषितांचीं कृत्यें या पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायांत पौलाचें जहाज वादळांत सांपडतें, तेव्हां प्रथम जहाजाचें सामान व शेवटीं गहूं समुद्रांत टाकतात, आणि २७६ माणसें जिवंत किनाऱ्यास लागतात. ही कथा वाचतांना आणखी एक गोष्ट पाहावी. पौलानें धोका अगोदर सांगितला होता. परंतु शताधिपतीनें त्याच्यापेक्षां तांडेलावर व जहाजाच्या मालकावर अधिक भरंवसा ठेविला. खरी माहिती ऐकून घेतली नाहीं, म्हणजे पुढें माल टाकण्याची वेळ येते.

हा नियम आजही जिवंत आहे. ६ मार्च २०१८ रोजीं अरबी समुद्रांत 'मर्स्क होनाम' या जहाजास आग लागली व पांच खलाशी प्राणांस मुकले. पुढें माल सोडवून घेण्यासाठीं मालधन्यांकडून बचावाच्या खर्चापोटीं किमतीच्या शेंकडा ४२.५ व समाईक नुकसानीपोटीं शेंकडा ११.५ इतकें तारण मागण्यांत आलें. म्हणजे ज्याचा दहा लाखांचा माल अगदीं सुरक्षित राहिला, त्यासही पांच लाख चाळीस हजारांची हमी द्यावी लागली. ज्याचा विमा होता, त्याच्या वतीनें ती विमा कंपनीनें दिली; ज्याचा नव्हता, त्यास ती स्वतःच उभी करावी लागली. माल जळाला नाहीं तरी मनुष्य कसा बुडूं शकतो, याचें हें उदाहरण आहे.

विमा कशास पुरत नाहीं

विमा उतरविला म्हणजे सर्व चिंता मिटली, अशी पुष्कळांची समजूत असते. ती बरोबर नाहीं. १९६३ च्या कायद्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणें, करारांत वेगळें ठरलें नसेल तर, विलंबामुळें झालेलें नुकसान, मालाच्या अंगच्याच दोषानें झालेली नासाडी, नेहमींची झीज, इतकेंच काय, पण उंदरांनीं केलेला नाशही विमेवाल्याकडून भरून मिळत नाहीं. विलंब एखाद्या विमा उतरविलेल्या संकटामुळेंच झाला असला, तरी नियम हाच.

याचा अर्थ आपल्या जिल्ह्यास २०२४ सालीं चांगलाच समजला. १९ नोव्हेंबर २०२३ रोजीं तांबड्या समुद्रांत येमेनमधील हुथींनीं 'गॅलॅक्सी लीडर' हें जहाज पकडलें, व पुढें इतर जहाजांवर हल्ले सुरू झाले. त्यामुळें बहुतेक मोठ्या कंपन्यांनीं सुवेझचा कालवा सोडून आफ्रिकेच्या दक्षिण टोंकास वळसा घालण्यास आरंभ केला. मुंबईहून उत्तर युरोपाची वाट यामुळें चार हजारांहून अधिक सागरी मैलांनीं लांबते. ऐन द्राक्षांच्या हंगामांत प्रवास सुमारें दोन आठवडे वाढला आणि भाडेंही फार चढलें. द्राक्ष हें नाजूक फळ; दिवस वाढले कीं देंठ सुकतात व दर पडतो. येथें जहाज बुडालें नाहीं, आग लागली नाहीं. फक्त उशीर झाला. आणि उशीर हा साधारण विम्याच्या बाहेर आहे. तसेंच २०१० सालीं क्लोरमेक्वाट क्लोराइड या औषधाचा अंश सांपडल्यामुळें युरोपांत आपल्याकडील द्राक्षें नाकारलीं गेलीं. तो दोष बागेंतून आलेला होता, समुद्रानें केलेला नव्हता. म्हणून पालकांनीं विम्याचें कागदपत्र घेतांना काय मिळेल याबरोबर काय मिळणार नाहीं, हेंही वाचून घ्यावें.

विमेवाल्यांपुढील आजच्या अडचणी

पहिली अडचण जहाजांच्या आकाराची. १९५६ सालीं अमेरिकेंत 'आयडियल एक्स' हें जहाज ५८ कंटेनर घेऊन निघालें, तेव्हां तें नवल वाटलें होतें. २३ मार्च २०२१ रोजीं सुवेझच्या कालव्यांत आडवें अडकलेलें 'एव्हर गिव्हन' हें जहाज ४०० मीटर लांब असून सुमारें वीस हजार कंटेनर वाहून नेण्याजोगें होतें. तें सहा दिवस अडकलें व जगाचा व्यापार खोळंबला. पूर्वीं शंभर गलबतांवर वांटलेलें संकट आतां एकाच तळावर गोळा झालें आहे. एक अपघात म्हणजे हजारों मालधन्यांचे हजारों दावे.

दुसरी अडचण बंद पेटीची. कंटेनराचें दार एकदां लागलें कीं आंत काय आहे, हें कागदावरूनच कळावयाचें. धोक्याचा माल साध्या मालाच्या नांवाखालीं धाडला, किंवा नीट बांधला नाहीं, तर कप्तानास तें कळत नाहीं आणि विमेवाल्यासही नाहीं. 'एक्स-प्रेस पर्ल' या जहाजावर नायट्रिक ॲसिडाचा एक कंटेनर गळूं लागला होता. कतारमधील हमद व गुजराथेंतील हजिरा या दोन्ही बंदरांत तो उतरवून घेण्यांत आला नाहीं. मे २०२१ मध्यें कोलंबोजवळ त्या जहाजास आग लागली व जूनमध्यें तें बुडालें. २५ मे २०२५ रोजीं 'एमएससी एल्सा ३' हें जहाज कोचीपासून सुमारें ३८ सागरी मैलांवर बुडालें. त्यावर ६४० कंटेनर होते, व त्यांपैकीं बारांत कॅल्शियम कार्बाइड होतें. फळें पिकविण्यासाठीं चोरून वापरतात तोच हा पदार्थ. पाण्याशीं संयोग होतांच त्यांतून पेट घेणारा वायु निघतो. २४ खलाशी सर्व वांचले. परंतु प्लास्टिकचे बारीक मणी किनाऱ्यावर पसरले, कोळ्यांचा धंदा बसला, व केरळ सरकारनें ९,५३१ कोटी रुपयांचा दावा उच्च न्यायालयांत लावला. दोनच आठवड्यांनीं, ९ जून रोजीं, कोलंबोहून आपल्या न्हावाशेव्याकडे येणारें 'वान हाय ५०३' हें जहाज केरळच्या समुद्रांत पेटलें. त्यांतील चार खलाशी बेपत्ता झाले.

अशा दुसऱ्यांच्या नुकसानीची जबाबदारी जहाजमालक आपसांत मंडळें करून वाहतात. आपल्याकडील सहकारी सोसायट्यांप्रमाणेंच तेथें सभासदच एकमेकांचे विमेदार असतात. अशा मोठ्या बारा मंडळांच्या संघाकडे जगांतील सुमारें नव्वद टक्के जहाजांच्या वजनाचा विमा आहे. एका सभासदाची हयगय सर्वांच्या वर्गणींत वाढ करते.

तिसरी अडचण युद्धाची. साधारण मालविम्यांत युद्ध येत नाहीं. त्यासाठीं निराळा हप्ता भरावा लागतो, व विमेवाल्यास थोड्या दिवसांची सूचना देऊन तो करार बदलतां येतो. २०२४ च्या आरंभीं तांबड्या समुद्रांतील एका फेरीसाठीं जहाजाच्या किमतीच्या शेंकडा एकाच्या आसपास हप्ता मागितला जात होता. पांचशें कोटींच्या जहाजास हे पांच कोटी झाले. आणि तो बोजा शेवटीं मालाच्या भाड्यावर बसतो. शिवाय २०२२ नंतर निर्बंध चुकविण्यासाठीं तेल वाहणारीं बरीच जुनीं जहाजें समुद्रावर आलीं, ज्यांचा मालक कोण व विमा कोणाचा, याचा पत्ता लागणें कठीण. असें जहाज दुसऱ्यावर आदळलें तर भरपाई कोणापाशीं मागावी?

चौथी अडचण हवामानाची. मे २०२१ मध्यें तौक्ते वादळांत मुंबई हाय तेलक्षेत्राजवळ 'पी-३०५' ही बार्ज बुडून अनेक कामगार मृत्यु पावले. समुद्राचें पाणी तापत चाललें असल्यामुळें अरबी समुद्रांतील वादळांचा जोर वाढला आहे, असें शास्त्रज्ञ सांगतात. विमेवाल्याचा सर्व हिशेब मागील अनुभवावर. आणि समुद्र तर मागल्यासारखा राहिलेला नाहीं.

पैसा व प्राण

या धंद्याच्या इतिहासांत एक काळें पानही आहे, व तें झांकून ठेवणें योग्य नाहीं. १७८१ सालीं 'झाँग' या इंग्रजी गुलामवाहू जहाजावरून शंभराहून अधिक आफ्रिकन माणसें जिवंत समुद्रांत फेंकण्यांत आलीं, आणि मालकांनीं त्यांची किंमत 'माल' म्हणून विमेवाल्यांकडे मागितली. माल टाकून जहाज वांचविण्याचा जो नियम न्यायासाठीं झाला, त्याचाच हा विपरीत उपयोग होता. १७८३ सालीं हें प्रकरण लंडनच्या न्यायालयांत गाजलें व गुलामगिरीविरुद्ध लोकमत जागें होण्यास कारण झालें. नाशिककरांस हें दूरचें वाटूं नये. गुलामांच्या गलबतांतून सोडविलेल्या आफ्रिकन मुलांस येथेंच शरणपूर येथें आश्रय व शिक्षण मिळालें. त्यांतीलच जेकब वेनराइट हा डॉ. लिव्हिंग्स्टन यांच्या शवाबरोबर इंग्लंडपर्यंत गेला, व १८ एप्रिल १८७४ रोजीं वेस्टमिन्स्टर ॲबींतील त्यांच्या अंत्यविधीस हजर होता. ज्यांस कोणी 'माल' म्हटलें असतें, तीं हीं माणसें.

म्हणून हिशेबाच्या वहींत खलाशाचें नांव मालाच्या रकान्यांत जाऊं नये. जानेवारी २०२४ मध्यें एडनच्या आखातांत 'मार्लिन लुआंडा' हें तेलवाहू जहाज पेटलें, तेव्हां त्यावर २२ भारतीय खलाशी होते. आपल्या नौदलाचें 'विशाखापट्टणम' हें जहाज मदतीस धांवलें व आग आटोक्यांत आली. विमा जहाजाची किंमत देऊं शकतो. परत न आलेला मुलगा देऊं शकत नाहीं.

उपसंहार

वरील चारही अडचणी पाहिल्या म्हणजे असें दिसतें कीं, मागील अनुभव आतां पूर्वींइतका उपयोगीं पडत नाहीं. अशा वेळीं विमेवाल्यास आधार राहतो तो मालाविषयीं व जहाजाविषयीं सांगितलेल्या खऱ्या माहितीचा. ती माहिती कोठें सुरू होते? न्हावाशेव्यास नव्हे, लंडनलाही नव्हे; दिंडोरीच्या बागेंत, फवारणीच्या वहींत, माल भरणाऱ्या कारकुनाच्या लेखणींत. तेथें एक ओळ खोटी लिहिली गेली, तर तिचें ओझें कोणत्या समुद्रांत, कोणाच्या डोक्यावर पडेल, हें लिहिणाऱ्यास कधींच कळत नाहीं. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कोणी उद्यां बागाईतदार होतील, कोणी निर्यातदार, कोणी खलाशी वा विमा कंपनींतील अधिकारी. एकमेकांचीं ओझीं वाहणें हा आपला धर्म आहे. परंतु ओझें किती आहे तें खरें सांगितल्यावांचून तें वांटून घेतां येत नाहीं.

अभ्यासाचे प्रश्न

१. एका व्यापाऱ्याचा २५ लाख रुपयांचा माल 'मर्स्क होनाम'वर सुरक्षित राहिला असें समजा. त्यास एकूण किती रुपयांचें तारण द्यावें लागलें असतें?

२. उशिरानें नासलेलें फळ व आगींत जळालेलें फळ यांत विम्याच्या दृष्टीनें काय भेद आहे?

३. नकाशावर न्हावाशेव्याहून रॉटरडॅमपर्यंतच्या दोन्ही वाटा काढा, व वाटेंतील सामुद्रधुन्या आणि भूशिरें यांचीं नांवें लिहा.

४. घरीं बाग असल्यास फवारणीची वही पाहा. ती कोण लिहितो, केव्हां लिहितो, व ती खरी असणें कोणाकोणाच्या हिताचें आहे, हें दहा ओळींत लिहा.