मिळकत कुठली, खर्च कुठला?
(शहापूर-मुरबाडमधील परगावच्या रोजगाराचा एक छोटा अभ्यास)

अर्थशास्त्राच्या पहिल्याच वर्षी आपल्याला पैशातील वेतन आणि वास्तव वेतन यांतील फरक शिकवला जातो. परीक्षेत त्यावर टीप लिहून आपण मोकळे होतो. परंतु हा फरक आपल्या शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत किती माणसांच्या ताटाशी निगडित आहे, याचा विचार सहसा होत नाही. प्रस्तुत लेखात तो करून पाहण्याचा प्रयत्न आहे.

अलीकडे घरी बसून परदेशातील कंपनीचे काम करणारे तरुण आपल्या कानावर येतात. त्यांच्या सुबत्तेचे रहस्य साधे आहे. त्यांची मिळकत महाग देशाच्या भावाने होते आणि खर्च स्वस्त गावाच्या भावाने होतो. म्हणजे माणूस किती कमावतो एवढेच विचारून भागत नाही. तो कोठल्या भावाने कमावतो आणि कोठल्या भावाने खातो, हे दोन प्रश्न वेगळे विचारावे लागतात. हीच फूटपट्टी घेऊन मी आपल्या भागातील दोन प्रकारच्या माणसांकडे पाहिले. एक रोज गाडीने जाऊन परत येणारा, आणि दुसरा सहा-सात महिने बिऱ्हाड पाठीवर घेऊन वीटभट्टीवर जाणारा.

गाडीचा माणूस

कल्याणहून वाशिंदपर्यंत रेल्वे आली १८५५ साली, आणि कसारा घाट चढून ती इगतपुरीला पोचली १८६५ साली. या लोहमार्गाने शहापूर तालुका मुंबईला बांधला गेला. आसनगाव हे शहापूरचे स्टेशन. तेथून मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस सुमारे ८६ किलोमीटर, तर कसाऱ्याहून सुमारे १२१ किलोमीटर आहे. मुरबाडला रेल्वे नाही. तेथील माणूस एस.टी.ने किंवा जीपने आधी कल्याण गाठतो आणि मग गाडी पकडतो.

या माणसाची मिळकत मुंबईच्या भावाची असते. घर, दूध, भाजी, तांदूळ मात्र गावच्या भावाचा, आणि पुष्कळदा तांदूळ तर घरच्याच शेतातला. रेल्वेचा मासिक पासही अंतराच्या मानाने स्वस्त. तेव्हा फूटपट्टीप्रमाणे तो फायद्यात आहे. पण एक खर्च त्याच्या वहीत कधी लिहिला जात नाही, तो वेळेचा. जाण्यायेण्यात रोज पाच तास धरले तर महिन्याच्या पंचवीस दिवसांत १२५ तास होतात. आठ तासांचा एक दिवस मानला तर हे जवळजवळ सोळा दिवसांचे काम झाले. महिन्याला सोळा दिवस तो बिनपगारी उभा असतो. तरीही रात्री तो आपल्या घरी जेवतो आणि त्याची मुले एकाच शाळेत शिकतात. दुसऱ्या प्रकारच्या माणसाला हे भाग्यही लाभत नाही.

भट्टीचे बिऱ्हाड

आपल्या दोन्ही तालुक्यांत ठाकर, कातकरी, महादेव कोळी या आदिवासी समाजांची वस्ती मोठी आहे. भाताचे एकच पीक, तेही पावसाचे. कापणी-झोडणी आटोपली की शेतात काम उरत नाही. दिवाळीनंतर कातकरी वाड्यांतून टेम्पो भरू लागतात. भिवंडी, कल्याण, वसई, पनवेल या बाजूच्या वीटभट्ट्यांवर ही बिऱ्हाडे जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. अंतर चाळीस-पन्नास कोसांचेही नाही. पण मुक्काम परमुलखाचाच म्हणावा लागतो, कारण रेशनचे दुकान, शाळा, ग्रामपंचायत आणि ओळखीचा डॉक्टर हे सारे मागे राहते.

येथे मजुरी एका माणसाची नसते, नवराबायकोच्या जोडीची असते, आणि ती हजार विटांवर ठरते. चिखल आदल्या दिवशी भिजवायचा, त्यात भाताचा तूस किंवा राख मिसळायची, आणि पहाटे दोन-तीनला उठून साच्याने विटा पाडायच्या. ऊन चढेपर्यंत विटा पाडून झालेल्या बऱ्या. राहायला विटा रचून केलेली, वर गवत किंवा प्लास्टिक टाकलेली खोपटी, तिला भोंगा म्हणतात.

पैसे तीन वेळा मिळतात. पावसाळ्यात, भादव्याच्या सुमारास, घरातले धान्य संपलेले असते तेव्हा मालक किंवा त्याचा मुकादम उचल देतो. हंगामात आठवड्याच्या बाजारासाठी खर्ची मिळते. आणि शेवटी, भट्टी बंद होताना, हिशोब होतो.

हिशोबाचे गणित

गणित समजावे म्हणून काही आकडे मी स्वतः धरले आहेत. ते कोणा एका भट्टीचे नाहीत. समजा, उचल ३०,००० रुपये, खर्ची आठवड्याला १,२०० रुपये आणि हंगाम २६ आठवड्यांचा. खर्चीचे ३१,२०० रुपये झाले. उचलीसह जोडीच्या नावावर ६१,२०० रुपये चढले. आता जोडी रोज ७५० विटा पाडते आणि दर हजारी ६०० रुपये आहे असे मानू. म्हणजे दिवसाचे ४५० रुपये, दोघांचे मिळून. आठवड्याला सहा दिवस धरले तर १५६ दिवसांत ७०,२०० रुपये होतात. शिल्लक राहिली ९,०००.

ही शिल्लक म्हणजे बरोबर वीस दिवसांची मजुरी. सहा महिन्यांत वीस दिवस बुडायला काय लागते? ताप येतो, बाळंतपण येते, गावाकडे कोणी वारते, अवकाळी पाऊस येऊन पाडलेल्या ओल्या विटा विरघळतात. वीस दिवस बुडाले की हाती शून्य. पंचवीस दिवस बुडाले तर २,२५० रुपये अंगावर राहतात, आणि तेच पुढच्या वर्षाच्या उचलीचे पहिले पान होते.

उचलीला व्याज नसते, असे मालक आणि मजूर दोघेही सांगतात. पण समजा, उचल न घेणाऱ्याला हजारी ७०० रुपये दर मिळाला असता. मग १,१७,००० विटांवर जोडीने ११,७०० रुपये सोडले. तीस हजारांवर नऊ महिन्यांचे हे व्याज शेकडा ३९ पडले. ते वहीत दिसत नाही, कारण ते दरात मुरलेले असते.

ताटातला खर्च

आता खर्ची कोठे जाते ते पाहू. गावात असताना अंत्योदय कार्डावर कुटुंबाला महिना ३५ किलो धान्य मिळते, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. कार्ड आता दुसऱ्या दुकानातही चालते. परंतु भट्टी असते माळावर, दुकान असते दूर, आणि अंगठा उमटवायला गेले की त्या दिवसाच्या विटा बुडतात. म्हणून तांदूळ जवळच्या दुकानातून, बहुधा उधारीवर, किलो-दोन किलोने घेतला जातो. थोडे थोडे घेणाऱ्याला भाव नेहमीच चढा पडतो. रानातला कंद, ओढ्यातली चिंबोरी-मासळी, परसातला भोपळा, फुकटचा लाकूडफाटा ही गावाकडची अदृश्य मिळकतही भट्टीवर थांबते. गावच्या भावाने मजुरी आणि शहराच्या कडेच्या भावाने जेवण, अशी ही स्थिती आहे. परदेशी कंपनीचे काम घरून करणाऱ्याच्या नेमकी उलटी!

इंग्लंडमध्ये कारखानदार मजुरीऐवजी आपल्याच दुकानातला माल मजुराच्या गळ्यात मारीत. १८३१ च्या कायद्याने मजुरी रोख देण्याचे बंधन तेथे आले. मजुरीचे मोल ती कोठे खर्च करता येते यावर ठरते, हे तत्त्व त्यामागे होते.

मग जातात कशाला?

हा प्रश्न आपण शिकलेली माणसे सहज विचारतो. पहिले उत्तर पाण्याचे आहे. तानसा, वैतरणा आणि भातसा यांचे पाणी शहापूर तालुक्यातून मुंबईला जाते, आणि त्याच तालुक्यातले पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. विटेला पाणी लागते, म्हणून भट्टीवर निदान पाणी असते.

दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला, देशाने २००५ साली केला. पण हमीच्या कामाची मजुरी काम झाल्यावर, मोजमाप होऊन मिळते. उचल कामाच्या आधी मिळते. भादव्यात चूल पेटवायची असेल तर पुढच्या महिन्याच्या दामापेक्षा आजची उचल मोठी वाटणारच. मजूर व्यवहार जाणत नाही असे नव्हे. त्याच्याजवळ थांबायला वेळ नाही.

कायदे आहेत. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी रद्द झाली. किमान वेतनाहून कमी पैशात राबवून घेणे ही सक्तीची मजुरीच होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात दिला. वसई भागात १९८२ पासून श्रमजीवी संघटनेने वेठबिगारांच्या मुक्तीचे काम केले. मात्र स्थलांतरित मजुरांना विस्थापन भत्ता आणि प्रवासभत्ता देणारा १९७९ चा कायदा राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांपुरताच होता. मुरबाडहून भिवंडीला जाणारा कातकरी त्यात बसला नाही. त्याने तालुका ओलांडला होता, राज्य नव्हे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून मला असे वाटते की, भट्टीच्या मजुराची सुटका दराच्या भांडणाआधी भादव्यातल्या धान्यापासून सुरू होते. आदिवासींसाठी खावटी कर्जाची योजना १९७८ साली निघाली ती हेच ओळखून. खावटी वेळेवर, म्हणजे मुकादमाच्या आधी, वाडीत पोचली तर उचल लहान होईल. उचल लहान झाली की दर बोलता येईल.

हे काम सरकारचे आहे. पण एक काम आपलेही आहे. हिशोबाच्या दिवशी वही मालकाचीच असते, मजुराकडे काही लिहिलेले नसते. राष्ट्रीय सेवा योजनेच्या आपल्या विद्यार्थ्यांनी दिवाळीच्या सुटीत टेम्पो निघण्यापूर्वी वाड्यांवर जावे, आणि प्रत्येक जोडीला एक वही द्यावी. उचल किती, दर किती, रोजच्या विटा किती आणि खर्ची किती, असे चार रकाने पुरेत. घरातले चौथी शिकलेले पोरही ते भरू शकेल. आशाढात पुन्हा जाऊन त्या वह्या पाहाव्यात. या लेखात मी जे आकडे धरून चाललो, त्यांच्या जागी मग खरे आकडे येतील. आणि पुढच्या वर्षीच्या अंकात यापेक्षा चांगला लेख कोणीतरी लिहू शकेल.