प्रवाळटाकीचा दिवस किती तासांचा?

प्रश्न: माझ्याकडे ६० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी आहे. रात्री निवांत बघता यावी म्हणून दिवे बारा-तेरा तास चालू ठेवतो. काचेवर तपकिरी थर चढतोय, मऊ प्रवाळ फिकट पडलेत. काय करू? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: आधी तास कमी करा. प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं आणि प्रकाशावर अन्न बनवून त्यालाही देतं. प्रकाश अति झाला की प्रवाळ तेच बाहेर टाकतं, म्हणून रंग उडतो. तुम्ही टाकी रात्री बघता ना? मग तिचा दिवसच उशिरा उजाडू द्या. दुपारी दोनला निळा दिवा, तीन ते नऊ सोबत पांढरा, दहाला पूर्ण अंधार. पांढरा सध्या तीस टक्क्यांवरच ठेवा. प्रवाळ नीट उघडू लागले की आठवड्याला पाच टक्के वाढवा, घाई नको. थर मात्र खाणं जास्त पडल्यानेही येतो.

वीज गेली की साधा टायमर मागे पडतो, बॅटरीवाला घ्या. एप्रिल-मेमध्ये पाणी २७ अंशांपुढे गेलं तर झाकण काढून पंखा लावा आणि आटलेलं पाणी गोड्या पाण्याने भरा.

आणि कळकळीची विनंती, मालवणहून प्रवाळाचा तुकडा आणू नका. कठीण प्रवाळांना १९७२च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे.