चार वर्षांचा झाला, तरी दोनच शब्द

प्रश्न : मुलगा चार वर्षांचा झाला, पण ‘पाणी दे’च्या पुढे बोलत नाही. सासूबाई म्हणतात, मुलगे उशिराच बोलतात. थांबू का?

उत्तर : थांबू नका. आधी कान तपासा, थायरॉइडची रक्तचाचणी करा. नीट ऐकू न येणारं मूलही ‘मंद’ ठरवलं जातं. पाच वर्षांखाली बुद्ध्यंकाचा शिक्का मारायची घाई नको. डॉक्टर बहुधा ‘विकासात विलंब’ एवढंच लिहितील. बऱ्याच जिल्हा रुग्णालयांत शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं, तिथे तपासणी मोफत होते. बोलण्याबरोबर रोजची छोटी कामंही त्याला शिकवत राहा. घरी चड्डी घालायला शिकवताना ती मांड्यांपर्यंत तुम्ही चढवा, शेवटचं वर ओढणं त्याला करू द्या. ते जमलं की गुडघ्यापर्यंतच चढवा. सासूबाईंनाही यात घ्या, फक्त घाईघाईने त्यांनीच चड्डी चढवून टाकायची नाही!