मधुमेही साधकाचा पारायण-सप्ताह

मार्गशीर्ष लागला की माझ्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, यंदा गुरुचरित्राला बसायचंय. साखर आहे. बसू का?" वर्षभर तपासणीचे नाव न काढणारी माणसेही या दिवसांत विचारतात, कारण इतक्या वर्षांचा नेम मोडेल की काय अशी धास्ती असते. मी स्वतः दत्तभक्तांच्या घरात वाढलो, त्यामुळे ही धास्ती मला समजते. माझे उत्तर बहुतेकांना 'बसा' असेच असते. पण कसे बसायचे ते आधी समजून घ्यायला हवे. म्हणून दत्तजयंतीच्या या अंकात तेवढाच विषय घेतो.

औषधाने व्रत मोडत नाही

सप्ताहात गोळ्या बंद ठेवणारे साधक मी दरवर्षी पाहतो. पाण्याबरोबर गोळी घेतली की व्रताला बाध आला, असे त्यांना वाटते. खरे तर आपल्या धर्मशास्त्राने व्रत न मोडणाऱ्या आठ गोष्टी सांगितल्या आहेत : पाणी, मुळे, फळे, दूध, हवि, ब्राह्मणाची इच्छा, गुरूंचे वचन आणि औषध. औषध त्या यादीतच आहे. तेव्हा सात दिवस औषध सोडणे ही काही जास्तीची भक्ती नव्हे.

मात्र उलट बाजूही तेवढीच महत्त्वाची आहे. गोळी घेतली आणि पोट रिकामे ठेवले, तर धोका वाढतो. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या आणि इन्सुलिन ही औषधे पोटात अन्न असो वा नसो, साखर खाली आणतातच. नुसती मेटफॉर्मिन असेल तर ही भीती कमी. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या चालू असतील, तर लांब उपवासात रक्तात आम्ल साठण्याची वेगळी भीती असते. म्हणून सप्ताहाच्या पंधरा दिवस आधी आपल्या डॉक्टरांकडे जा. वाचनाला किती वाजता बसणार, पहिला घास किती वाजता, दुसरा किती वाजता, हे कागदावर लिहून न्या. गोळीची वेळ आणि मात्रा त्यांना ठरवू द्या. आपल्या मनाने काही वाढवू नका, काही सोडू नका.

साखर उतरली तर

काही वर्षांपूर्वी एक आजी पारायणाच्या चौथ्या दिवशी पाटावरच कलंडल्या. पहाटे गोळी घेतलेली, पोटात फक्त तीर्थ, आणि अध्याय संपल्याशिवाय उठायचे नाही हा निर्धार. दरदरून घाम आला, हात कापू लागले, ओळी दिसेनाशा झाल्या. घरच्यांना वाटले, आजींची समाधी लागली! सुनेने मात्र ओळखले, साखरपाणी पाजले आणि मला फोन केला. आजी वाचल्या. पुढच्या वर्षी पुन्हा पारायणाला बसल्या, पण आधी दूध घेऊन.

रक्तातील साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की ही लक्षणे दिसतात : घाम, थरथर, छातीत धडधड, एकाएकी कडकडून भूक, चिडचिड, बोलण्यात गोंधळ. अशा वेळी तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच प्यावी. पंधरा मिनिटांनी साखर तपासावी आणि कमीच असेल तर पुन्हा तेवढीच घ्यावी. बरे वाटल्यावर थोडे खावे. खडीसाखर हळू विरघळते आणि पेढ्यातल्या स्निग्धांशामुळे त्यातली साखर उशिरा रक्तात पोचते, म्हणून या वेळी साधी साखरच बरी. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नये, थेट रुग्णालय गाठावे. पाटाशेजारी पाण्याचा तांब्या आणि साखरेची पुडी असू द्या, आणि घरातल्या एकाला तरी हे सगळे सांगून ठेवा. अध्यायाच्या मध्ये उठावे लागले तर उठा. बरे वाटल्यावर हातपाय धुऊन पुढे वाचता येते.

हविष्यान्नाचे ताट

पारायणात हविष्यान्न घ्यावे हा नियम. बहुतेक घरी त्याचा अर्थ दूधभात, नाहीतर पोळी-तूप-साखर. मीठ, तिखट, आंबट, दही-ताक वर्ज्य. आता गंमत बघा : या नियमात साखर 'चालते', साखर 'खाल्लीच पाहिजे' असे नाही. आपण मात्र मीठ सोडल्याची भरपाई साखरेने करतो. शंभर ग्रॅम शिजवलेल्या भातात सुमारे २८ ग्रॅम कर्बोदके असतात. त्यावर गोड दूध ओतले आणि दोन वेळा तेच खाल्ले, की सातव्या दिवशी साखर कुठे असेल ते सांगायला नको.

तेव्हा साखर वगळा. भातापेक्षा गव्हाची पोळी बरी. तूप चमचाभर, दूध बिनसाखरेचे. व्रतग्रंथांनी मूग, जव आणि तीळ हेही हविष्यात धरले आहेत. घरच्या चालीत बसत असेल तर बिनमिठाचे मुगाचे वरण घ्या, जवाची भाकरी घ्या. डाळीतल्या प्रथिनांमुळे साखर सावकाश चढते आणि भूकही लवकर लागत नाही. जेवताना आधी वरण, मग पोळी, भात घ्यायचाच असेल तर शेवटी आणि मोजून. एकदाच भरपेट जेवण्यापेक्षा तेच अन्न दोन-तीन वेळा विभागून घ्यावे.

गुरुवार आणि साबुदाणा

गुरुवारच्या उपवासाचेही असेच. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, प्रथिने नावापुरती. त्यात बटाटा घालून ताटभर खिचडी खाल्ली तर तो मधुमेह्याचा उपवास नव्हे. राजगिऱ्याची भाकरी, मूठभर शेंगदाणे, काकडी, दूध, एखादा पेरू असा फराळ करा. भगर घेतली तर वाटीभरच, आणि सोबत दाण्याची आमटी. गूळ आणि मध साखरेपेक्षा निर्धोक, हा समज मनातून काढून टाका. रक्तात गेल्यावर त्यांचीही साखरच होते.

प्रसाद नाकारू नका, मोजा

जन्मकाळ संध्याकाळचा, म्हणजे दिवसभर उपवास आणि मग सुंठवडा, पेढा, त्यावर महाप्रसाद. साखर सर्वांत जास्त उसळते ती याच दिवशी. प्रसादाला नाही म्हणवत नाही, आणि म्हणूही नये. पण प्रसाद कणानेही पुरतो. चिमूटभर सुंठवडा, पेढ्याचा नखाएवढा तुकडा, पळीभर तीर्थ. वाडीहून आणलेला पेढ्याचा पुडा घरी एकट्याने संपवला, तर त्याला प्रसाद म्हणायचे की खाऊ, ते ज्याने त्याने ठरवावे. उरलेला वाटून टाका. वाटण्यात पुण्यही आहे.

तपासणीबद्दल एक बारीक सूचना. बोटाला पंचामृत किंवा पेढा लागलेला असताना यंत्रावर साखर पाहिली तर आकडा खोटा वाढतो. हात धुऊन, कोरडे करून मगच तपासा. सकाळी उठल्यावर एकदा आणि जेवणानंतर दोन तासांनी एकदा, एवढे सप्ताहात पुरते. सर्वसाधारणपणे उपाशीपोटी ८० ते १३० आणि जेवणानंतर १८० च्या आत असावी. फार वृद्धांसाठी डॉक्टर थोडी सूट देतात.

बैठक आणि पाऊल

दोन-तीन तास एका जागी बसणे साखरेलाही बाधते आणि पायांनाही. वाचनाचे दोन भाग करता आले तर करा. जेवणानंतर पंधरा मिनिटे शतपावली घाला. जेवणानंतरची चढती साखर त्याने चांगली आटोक्यात येते. प्रदक्षिणाही चालणेच आहे. मात्र ज्यांच्या तळपायाला मुंग्या येतात किंवा बधिरपणा आहे, त्यांनी अनवाणी प्रदक्षिणा घालताना जपावे. खडा टोचला, फरशी तापलेली असली तरी त्यांना कळत नाही, आणि लहानशी जखम पुढे पाय गमावण्यापर्यंत जाऊ शकते. परवानगी असेल तिथे जाड मोजे घाला आणि रात्री आरशात तळवे पाहा. गिरनारच्या सुमारे दहा हजार पायऱ्या चढणाऱ्यांनी खाऊन निघावे, खिशात साखर ठेवावी आणि एकट्याने जाऊ नये.

सात दिवसांचा नेम वर्षभर

भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतात. त्यांत मासा आहे, जो जिभेच्या लोभाने गळाला लागतो. आणि भ्रमर आहे, जो प्रत्येक फुलातून थोडेथोडेच घेतो. मधुमेह्याला दोघांचाही धडा हवा. ठरल्या वेळी जेवणे, मोजून खाणे, रोज अर्धा तास चालणे, पुरेशी झोप, गोळी न चुकवणे, आणि दर तीन ते सहा महिन्यांनी एचबीएवनसी तपासून तो बहुतेकांनी सातच्या खाली ठेवणे. यात अवघड काय आहे? अवघड आहे ते सातत्य.

आणि सातत्य आपल्याला नवे नाही. सात दिवस ठरल्या वेळी उठणारा, ठरलेलेच खाणारा साधक आठव्या दिवशी 'सुटलो' म्हणतो, तिथे गोष्ट बिघडते. सप्ताहाच्या समाप्तीला नियम एकदम सोडू नका. त्यातला एखादा, निदान बिनसाखरेचे दूध किंवा जेवणानंतरची शतपावली, पुढच्या दत्तजयंतीपर्यंत महाराजांना वाहून टाका. पुढच्या वर्षी पारायणाला बसताना डॉक्टरांना 'बसू का' असे विचारावे लागणार नाही, 'बसतोय' एवढे सांगितले तरी पुरेल.

अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त!