परक्या हातचे दान

मुलांनो, आठवड्याच्या बाजारात एखाद्या अनोळखी गृहस्थाने तुमच्या ओंजळीत पेढे ठेवले आणि पैसे घेण्याचे नाकारले, तर तुम्ही काय कराल? तोंडाला पाणी सुटेल खरे. पण पेढा खाण्यापूर्वी तुम्ही क्षणभर थबकाल. तोच पेढा मावशीने दिला असता, तर हा विचार मनास शिवलाही नसता. मावशी का देते, हे आपणांस ठाऊक असते. देण्याचे कारण दिसले नाही, की मन ते स्वतःच शोधू लागते आणि बहुधा वाईट कारणच त्यास आधी सापडते.

अशी शंका एके काळी अमेरिकेतील गावेच्या गावे घेऊ लागली होती.

अँड्र्यू कार्नेगी हा स्कॉटलंडमधील एका गरीब विणकराचा मुलगा. १८४८ साली, बारा वर्षांचा असताना, तो आईबापांबरोबर अमेरिकेस गेला आणि सुताच्या गिरणीत राबू लागला. पुढे तो तारेचे निरोप पोचवू लागला. त्याच गावी कर्नल अँडरसन नावाच्या सद्‌गृहस्थाने आपली सुमारे ४०० पुस्तके काम करणाऱ्या मुलांसाठी खुली केली होती. दर शनिवारी एक पुस्तक घरी नेता येई. हे उपकार कार्नेगी जन्मभर विसरला नाही. पोलादाच्या धंद्यात अमाप धन मिळाल्यावर त्याने जगभर अडीच हजारांहून अधिक ग्रंथालयांसाठी पैसा दिला. अट एवढीच, की गावाने जागा द्यावी आणि देणगीच्या दहाव्या हिश्शाइतका खर्च दरसाल सोसावा.

तरीही कित्येक गावांनी ही देणगी नाकारली. कोणी म्हणे, खर्चाचा बोजा अखेर करांच्या रूपाने आमच्याच डोक्यावर बसणार. कोणी म्हणे, याला केवळ नाव गाजवायचे आहे. कामगारांचे दुःख मात्र निराळे होते. १८९२ साली कार्नेगीच्या होमस्टेड येथील कारखान्यात मजुरीवरून तंटा झाला. व्यवस्थापकाने बंदूकधारी पहारेकरी आणविले आणि चकमकीत दोन्हीकडची माणसे प्राणांस मुकली. कार्नेगी त्या वेळी स्कॉटलंडात होता. पुढे १८९८ साली होमस्टेडला सुंदर ग्रंथालय उभे राहिले. परंतु दिवसाचे बारा तास भट्टीपुढे घाम गाळणाऱ्याने पुस्तक उघडावे तरी केव्हा? आमच्या मजुरीतून कापलेला पैसाच हा दान म्हणून परत देतो आहे, असे त्यांस वाटे.

या लोकांना कृतघ्न म्हणणे माझ्या जिवावर येते. कार्नेगीला अँडरसनची पुस्तके आठवत होती, आणि त्यांना होमस्टेड.

डेट्रॉइट शहराला १९०१ साली त्याने ७,५०,००० डॉलर देऊ केले. घ्यावे की न घ्यावे, हा वाद तेथे नऊ वर्षे चालला. १९१० मध्ये शहराने होकार दिला. मुख्य ग्रंथालयाची दारे उघडली ती १९२१ साली. ते पाहण्यास कार्नेगी मात्र उरला नव्हता. १९१९ मध्येच त्याचे देहावसान झाले होते.