नव्या लॅपटॉपचे रक्षण : थोडा खर्च, पक्की शिस्त

व्यापाऱ्याच्या दुकानात सर्वांत मोलाची वस्तू कोणती, असा प्रश्न केला तर नवशिका मनुष्य मालाकडे किंवा गल्ल्याकडे बोट दाखवील. जाणता व्यापारी मात्र वहीकडे पाहील. माल जळाला तर विम्याचे पैसे मिळू शकतात. गल्ला चोरीस गेला तर एका दिवसाची विक्री जाते. परंतु कोणाकडून किती येणे आणि कोणाचे किती देणे, हे सांगणारी वहीच नाहीशी झाली, तर वर्षानुवर्षे जोडलेली पत एका दिवसात डळमळते. म्हणूनच आपल्या वाडवडिलांनी लक्ष्मीपूजनाच्या दिवशी वहीला पाटावर बसविले आणि एरवी तिला कुलपात ठेवले.

आज ती वही लॅपटॉपमध्ये जाऊन बसली आहे. बेळगावची रविवार पेठ घ्या, इंदूरचे सियागंज घ्या, अगर हैदराबादचा बेगम बाजार घ्या. उधारीची खाती, विक्रीची बिले, जीएसटीची विवरणपत्रे आणि बँकेचे व्यवहार पुष्कळ पेढ्यांवर आता एकाच यंत्रावर चालतात. नवा लॅपटॉप पेढीवर आला की त्यास हळदकुंकू वाहिले जाते. कुलूप घालण्याचे मात्र राहून जाते. यास दोन समजुती कारण आहेत. पहिली अशी की, रक्षण म्हणजे दरवर्षीचा मोठा खर्च. दुसरी अशी की, आपल्यासारख्या लहान दुकानाच्या वाटेस कोण जाणार? या दोन्ही समजुती खऱ्या नाहीत, हे दाखवून पहिल्या दिवसापासून काय करावे ते सांगणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. पेढ्यांवर बहुधा विंडोज ११ ही प्रणाली असलेला लॅपटॉप असतो. सबब पुढील विवेचन त्यास धरून केले आहे.

१. शत्रूची ओळख

संगणकाचे काम बिघडविण्यासाठी किंवा त्यातील माहिती लुबाडण्यासाठी मुद्दाम लिहिलेल्या कार्यक्रमांच्या अनेक जाती आहेत. व्यापाऱ्याने त्यांपैकी तीन ओळखाव्यात.

पहिली जात व्हायरसची. हा विषाणूप्रमाणे एका फाइलमधून दुसरीत आणि एका यंत्रातून दुसऱ्यात आपल्या प्रती करीत जातो. १९८६ साली लाहोरच्या दोघा बंधूंनी लिहिलेला ‘ब्रेन’ हा वैयक्तिक संगणकांच्या आद्य व्हायरसांपैकी एक होय. तो फ्लॉपीच्या द्वारे देशोदेशी पोचला. आज फ्लॉपीची जागा पेनड्राइव्हने घेतली आहे, एवढाच फरक.

दुसरी जात स्पायवेअरची, म्हणजे हेराची. हा काही मोडत नाही, काही पुसत नाही. तो मुकाट्याने बसून कळफलकावर दाबलेली प्रत्येक कळ टिपतो, पडद्याची चित्रे घेतो आणि बँकेचा पासवर्ड आपल्या धन्याकडे पाठवितो. यंत्र सुरळीत चाललेले दिसते. म्हणूनच हा अधिक घातक.

तिसरी जात रॅन्समवेअरची, म्हणजे खंडणीखोराची. हा आपल्या फाइलींना असे सांकेतिक कुलूप घालतो की किल्लीवाचून त्या उघडत नाहीत, आणि किल्लीसाठी पैसे मागतो.

या तिन्ही जाती बहुतेक वेळा दुकान पाहून येत नाहीत. रात्री आळीतील प्रत्येक कडी हलवून पाहणाऱ्या चोराप्रमाणे त्या लाखो यंत्रांची दारे चाचपडतात आणि जे सैल असेल त्यात शिरतात. सारांश, लहानपणा हे संरक्षण नव्हे.

२. दोन घटनांचा धडा

मे २००० मध्ये ‘आय लव्ह यू’ या नावाचा उपद्रव ईमेलमधून जगभर पसरला. पत्रासोबत प्रेमपत्राच्या नावाची एक फाइल असे. तिच्या नावाचा दिसणारा शेवट ‘टीएक्सटी’, म्हणजे साध्या मजकुराचा होता. परंतु त्यापुढे ‘व्हीबीएस’ हे खरे शेपूट होते, आणि विंडोज ते शेपूट सहसा लपवून ठेवीत असे. लोकांनी मजकूर समजून कार्यक्रम चालविला. मनुष्याच्या उतावळेपणातून घात कसा होतो, त्याचा हा नमुना.

दुसरी घटना १२ मे २०१७ ची. ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर त्या दिवशी सुटला आणि दीडशेच्या आसपास देशांतील यंत्रांवर कोसळला. ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयांना रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द कराव्या लागल्या. प्रत्येक यंत्रामागे प्रथम ३०० डॉलर मागितले जात. येथे कोणी फाइल उघडण्याचीही गरज नव्हती. विंडोजमधील एका उणिवेतून तो जाळ्यावरील एका यंत्रातून दुसऱ्यात आपोआप शिरे. परंतु लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, ती उणीव बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजीच, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी, विनामूल्य दिली होती. ज्यांनी ती घेतली होती, त्यांच्या यंत्रांत या वाटेने त्यास शिरता आले नाही. उपाय फुकट होता. तो वेळेवर न घेणे मात्र महाग पडले.

३. पहिल्या दिवसाची पाच कामे

नवा लॅपटॉप उघडल्यावर हिशेबाचा कार्यक्रम घालण्यापूर्वीच पुढील कामे उरकावीत. त्यास एक संध्याकाळ पुरे होते आणि पैसा लागत नाही.

एक : सेटिंग्जमधील ‘विंडोज अपडेट’ उघडून जेवढ्या दुरुस्त्या आल्या असतील तेवढ्या सर्व घ्याव्यात आणि पुढे त्या आपोआप येऊ द्याव्यात. जुने यंत्र स्वस्तात घेणारांनी येथे विशेष सावध असावे. विंडोज १० चा नेहमीचा विनामूल्य आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. सबब जुना लॅपटॉप घेताना त्यावर विंडोज ११ चालते किंवा नाही, हे किंमत ठरविण्यापूर्वीच पाहावे.

दोन : विंडोजमध्ये ‘डिफेंडर’ नावाचा रक्षक मुळातच बसविलेला असतो. त्याचे निराळे मूल्य नाही आणि दर वर्षी नूतनीकरणही नाही. ‘विंडोज सिक्युरिटी’ या खिडकीत तो व फायरवॉल दोन्ही चालू आहेत ना, ते पाहावे. पुष्कळ नव्या लॅपटॉपांवर एखाद्या कंपनीचा अँटिव्हायरस थोड्या मुदतीसाठी नमुना म्हणून घातलेला असतो. तो विकत घ्यावयाचा नसेल तर मुदत संपण्याची वाट न पाहता काढून टाकावा, म्हणजे डिफेंडर कामास लागतो. एका दारावर दोन पहारेकरी ठेवले तर ते एकमेकांसच अडवितात; म्हणून दोन अँटिव्हायरस एकत्र नांदवू नयेत.

तीन : यंत्रावरील पहिले खाते ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ म्हणजे सर्वाधिकारी असते. रोजच्या कामासाठी ‘स्टँडर्ड’ प्रकारचे दुसरे खाते उघडावे आणि मुनीमजींना तेच द्यावे. तिजोरीची किल्ली मालकाकडे व गल्ल्याची किल्ली मुनीमजींकडे, हीच जुनी रीत. साध्या खात्यातून काम चालू असता एखादा कार्यक्रम यंत्राच्या मुळाशी हात घालू लागला, तर सर्वाधिकाऱ्याचा पासवर्ड मागितला जातो आणि पुष्कळसा घात तेथेच अडतो.

चार : फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’ यादीतून फाइलींच्या नावांची शेपटे दिसतील असे करावे. मग ‘बिल.पीडीएफ’ म्हणून आलेली फाइल वस्तुतः ‘बिल.पीडीएफ.ईएक्सई’ आहे, हे डोळ्यांस दिसते. बिलाच्या नावाने ‘ईएक्सई’ आले की ते बिल नव्हे, हे मुनीमजींपासून नव्या पोऱ्यापर्यंत सर्वांस शिकवून ठेवावे.

पाच : विंडोज सिक्युरिटीतच ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’ नावाची सोय आहे, ती बहुधा बंद असते. ती चालू केली की अनोळखी कार्यक्रमास ठरलेल्या फोल्डरांतील फाइली बदलता येत नाहीत. हिशेबाचा फोल्डर त्या यादीत घालावा. आपल्या हिशेबाच्या कार्यक्रमासही प्रथम अडथळा होईल. त्यास परवानगीच्या यादीत बसविले की काम चालू होते. खंडणीखोराविरुद्ध हे एक चांगले कुंपण आहे.

४. रोजची शिस्त

खर्च वाचविण्याच्या नादात जो सर्वांत मोठा प्रमाद घडतो, तो चोरट्या प्रतींचा. हिशेबाचा कार्यक्रम किंवा खुद्द विंडोज ‘क्रॅक’ करून देणारे बाजारात भेटतात. असा क्रॅक चालविण्यापूर्वी ते अँटिव्हायरस बंद करावयास सांगतात. यातच सर्व आले. जो पाहुणा आत येण्यापूर्वी रखवालदारास घरी पाठवा म्हणतो, त्याचा हेतू काय असावा? परवडत नसेल तेथे चोरीचा माल न घेता ‘लिब्रेऑफिस’सारखे उघड परवानगीने फुकट मिळणारे कार्यक्रम, त्यांच्या मूळ संस्थेच्या ठिकाणाहूनच, घ्यावेत.

पेनड्राइव्ह हिशेबतपासनिसाकडे जातो, छापखान्यात जातो, मुलांच्या शाळेत जातो आणि परत पेढीवर येतो. तो उघडण्यापूर्वी त्याच्या चिन्हावर उजवी कळ दाबून डिफेंडरकडून तपासून घ्यावा. याखेरीज आठवड्यातून एकदा, दुकान वाढविताना, संपूर्ण तपासणी लावून द्यावी.

तिसरी गोष्ट दूरध्वनीची. ‘आम्ही बँकेतून बोलतो’ किंवा ‘आपल्या लॅपटॉपमध्ये व्हायरस आहे’ असे सांगून कोणी एखादा कार्यक्रम घालावयास लावतो आणि त्याचा आकडा विचारतो. दुरून यंत्र चालविण्याचे असे कार्यक्रम स्वतः वाईट नसतात, विश्वासू कारागीर त्यांनीच दुरुस्ती करतो. परंतु अनोळखी मनुष्यास तो आकडा सांगणे म्हणजे त्यास आपल्या गादीवर बसवून स्वतः बाहेर जाणे होय. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने या प्रकाराविषयी बँकांना सावध केले होते. आपण होऊन आलेल्या फोनवर यंत्र कोणाच्याही हाती द्यावयाचे नाही, हा नियम पेढीवर लिहून लावावा.

५. वहीच्या प्रती

वरील सर्व कुंपणे घातली तरी एखादे दिवशी कोठून तरी भगदाड पडेल, असे धरूनच शहाण्याने चालावे. तेव्हा कामास येते ती हिशेबाची प्रत. अनुभवी लोकांचा एक सोपा नियम आहे : हिशेबाच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन निराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक पेढीबाहेर असावी. एक प्रत लॅपटॉपमध्ये, दुसरी बाहेरच्या हार्डडिस्कवर, तिसरी घरी किंवा इंटरनेटवरील साठवणीत, अशी व्यवस्था सहज होते.

यात एक खुबी आहे. हार्डडिस्क प्रत घेण्यापुरतीच जोडावी आणि काम होताच सोडवून कपाटात ठेवावी. कायम जोडून ठेवलेल्या प्रतीलाही खंडणीखोर कुलूप घालतो. तसेच कालची प्रत पुसून आजची घेऊ नये. सोमवारची निराळी, मंगळवारची निराळी अशा आठवडाभराच्या प्रती राखाव्यात. बिघाड चार दिवसांनी ध्यानी आला तरी पाचव्या दिवसापूर्वीची शुद्ध वही मग हाती राहते.

हे केवळ सोयीचे नव्हे, कर्तव्याचेही आहे. जीएसटी कायद्याच्या ३६ व्या कलमाप्रमाणे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या ठरलेल्या तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात, आणि नियम ५७ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदींची योग्य प्रत ठेवावी लागते. ‘व्हायरसने खाल्ले’ हे उत्तर ना अधिकाऱ्यास पटेल, ना देणेकऱ्यास पैसे देण्याची आठवण करून देईल.

मात्र प्रत घेतली म्हणजे ती उघडेलच असे नाही. म्हणून तीन महिन्यांतून एकदा, आणि पाडव्याचे नवे वर्ष मांडताना तर अवश्य, प्रत दुसऱ्या यंत्रावर उघडून दोन-चार खात्यांच्या शिलका मूळ वहीशी ताडून पाहाव्यात.

६. घात झालाच तर

पडद्यावर खंडणीची मागणी दिसली किंवा बँकेतून न केलेला व्यवहार निघाला, तर प्रथम वायफाय बंद करून लॅपटॉप इंटरनेटपासून तोडावा. जोडलेली हार्डडिस्क सोडवावी आणि प्रतीची डिस्क त्या यंत्रास मुळीच लावू नये. पडद्याचा फोटो काढून ठेवावा. दुसऱ्या स्वच्छ यंत्रावरून पासवर्ड बदलावेत व बँकेस कळवावे. पैसे गेले असतील तर क्षणाचा विलंब न करता १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर तक्रार नोंदवावी. पैसा पुढच्या खात्यांत पांगण्यापूर्वीच तो गोठविता येतो.

खंडणी देऊ नये. दिल्यावर किल्ली मिळेलच याची हमी नाही. जुलै २०१६ मध्ये डच पोलीस, युरोपोल आणि काही संरक्षण कंपन्यांनी ‘नो मोअर रॅन्सम’ हा उपक्रम सुरू केला. तेथे काही जातींच्या कुलपांच्या किल्ल्या फुकट मिळतात. आपल्या सरकारने २१ फेब्रुवारी २०१७ रोजी सुरू केलेल्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’तही यंत्र साफ करण्याची विनामूल्य साधने ठेवलेली आहेत. तथापि बाधलेल्या यंत्राचा पुरता भरवसा धरू नये. विंडोज नव्याने घालून मग शुद्ध प्रतीवरून वही उतरवून घेणे, हाच पक्का मार्ग.

७. खर्चाचा ताळेबंद

आता हिशेब मांडू. दुरुस्त्या, डिफेंडर, फायरवॉल, दुसरे खाते आणि फोल्डरचे कुंपण, यांचा खर्च शून्य. खरा खर्च एका हार्डडिस्कचा. तो एकदाच करावयाचा आणि काही हजारांतला. अगदीच ओढाताण असेल तर दोन चांगले पेनड्राइव्ह आलटून पालटून वापरूनही आरंभ करता येतो, कारण लहान दुकानाच्या हिशेबास जागा थोडी लागते.

विकतचा अँटिव्हायरस घेऊच नये, असे यातून कोणी काढू नये. पाच-दहा यंत्रे असलेल्या पेढीस, किंवा अडचणीत फोन उचलणारे कोणी हवे असणारांस, तो उपयोगी पडतो. आणि पुण्यातील संगणकदुरुस्तीच्या व्यवसायातून काटकर बंधूंनी उभी केलेली ‘क्विक हील’सारखी आपल्याकडची कंपनीही त्या बाजारात आहे. सांगावयाचे इतकेच की, हाती थोडे पैसे असतील तर ते प्रथम वहीच्या प्रतीवर घालावेत, रक्षकावर नंतर. रक्षक कितीही नामांकित असला तरी त्याचा डोळा केव्हा तरी चुकतो. परंतु कपाटातील सुटी प्रत चोरास दिसतच नाही.

दुकान वाढविताना कुलूप ओढून पाहण्याची सवय आपल्या व्यापाऱ्यास कोणी शिकवावी लागत नाही. त्या सवयीत एका नव्या कामाची भर घालावी : दिवसाची शेवटची नोंद झाली की वहीची प्रत घ्यावी, डिस्क सोडवावी, आणि मगच दिवा मालवावा.