घरी बांधलेल्या कॉम्प्युटरसाठी एसएमपीएस कसा निवडायचा? दीड हजार वाचवण्याआधी हा धडा वाचा

मागच्या व्हिडिओत आपण स्वतः पार्ट आणून कॉम्प्युटर कसा जोडायचा ते बघितलं. त्यानंतर सगळ्यात जास्त प्रश्न एकाच गोष्टीवर आले: "सर, एसएमपीएस कोणता घेऊ?" व्हिडिओत आकडे भराभर निघून जातात, म्हणून हा धडा लिहून देतो आहे. वही-पेन घेऊन बसा. ऑनलाइन फॉर्मचं दुकान, फोटो स्टुडिओ, फ्लेक्स डिझाइन, टायपिंग, किंवा गावात कॉम्प्युटर जोडून विकणं, यातलं काहीही करायचं असेल तर हा धडा तुमच्यासाठी आहे.

आधी माझी चूक सांगतो

सावनेर तालुक्यातलं, कन्हान नदीच्या काठचं आपलं खापा. इथे मी सुरुवातीला कॉम्प्युटर जोडून द्यायचो. एका फोटोग्राफर भाऊंनी मशीन मागितली. बजेट कमी होतं. प्रोसेसर चांगला घातला, रॅम चांगली घातली, आणि पैसे कुठे वाचवले? एसएमपीएसमध्ये. "डब्बाच तर आहे, काय फरक पडते?" असं मीच त्यांना म्हणालो.

मे महिन्यातली दुपार. लाइट गेली, आली, पुन्हा गेली, पुन्हा आली. तिसऱ्यांदा आली तेव्हा मशीनमधून जळका वास आला. एसएमपीएस गेला, आणि जाताना मदरबोर्ड व हार्ड डिस्क सोबत घेऊन गेला. डिस्कमध्ये दोन लग्नांचे फोटो होते. दुसरी कॉपी कुठेच नव्हती.

पार्ट मी खिशातून भरून दिले. पण चार दिवसांनी त्यातल्या एका मुलीचे वडील दुकानात आले. ते ओरडले नाहीत, भांडले नाहीत. एवढंच विचारलं, "एक बी फोटो नाही का जी?" त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. त्या दिवसापासून मी यादी बनवताना एसएमपीएस सगळ्यात वर लिहितो.

एसएमपीएस नेमकं काय करतो?

आपल्या भिंतीतल्या सॉकेटला २३० व्होल्टचा एसी करंट येतो. कॉम्प्युटरच्या आतल्या भागांना मात्र १२, ५ आणि ३.३ व्होल्टचा डीसी लागतो. हे रूपांतर करणारा डब्बा म्हणजे एसएमपीएस. मदरबोर्ड, प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, डिस्क, सगळ्यांचं जेवण याच एका स्वयंपाकघरातून जातं.

खापा हे विणकरांचं गाव, म्हणून तुम्हाला लगेच कळेल. ताणा कच्चा असेल तर वरची नक्षी कितीही सुंदर विणा, लुगडं टिकत नाही. कॉम्प्युटरचा ताणा म्हणजे एसएमपीएस.

पायरी १: आपल्याला किती वॅट लागतात ते मोजा

दुकानदाराला "कितीचा घेऊ?" विचारू नका. स्वतः बेरीज करा. दोन उदाहरणं घेऊ.

*पहिली मशीन: फॉर्म भरणे, टायपिंग, बिलिंग*
- प्रोसेसर इंटेल कोअर आय३ १२१०० (जास्तीत जास्त): ८९ वॅट
- मदरबोर्ड, अंदाजे: ४०
- रॅमच्या दोन पट्ट्या: १०
- एसएसडी: ५
- हार्ड डिस्क: १०
- दोन पंखे: ६
- कीबोर्ड, माउस, पेनड्राइव्ह वगैरे: १०

एकूण १७० वॅट. याला दीडने गुणा. २५५ वॅट. म्हणजे ४०० किंवा ४५० वॅटचा *खरा* एसएमपीएस पुरून उरतो. इथे ७५० वॅटचा डब्बा घेणं म्हणजे दोन माणसांच्या भाजीसाठी लग्नातली कढई चढवणं.

*दुसरी मशीन: फोटो, व्हिडिओ एडिटिंग*
- प्रोसेसर कोअर आय५ १२४०० (जास्तीत जास्त): ११७ वॅट
- ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ३०६०: १७०
- मदरबोर्ड: ४०
- रॅम: १०
- एसएसडी: ५
- दोन हार्ड डिस्क: २०
- तीन पंखे: ९
- बाकी किरकोळ: १०

एकूण ३८१ वॅट. दीडपट केलं तर साधारण ५७०. या कार्डासाठी एनव्हिडिया स्वतः किमान ५५० वॅटचा एसएमपीएस सांगते. आपण ६०० किंवा ६५० चा घ्यायचा.

दीडपट कशाला? तीन कारणं आहेत. ग्राफिक्स कार्ड क्षणभरासाठी लिहिलेल्या आकड्यापेक्षा बरीच जास्त वीज ओढतं. एसएमपीएस सतत पूर्ण ताकदीने चालवला तर लवकर म्हातारा होतो. आणि उद्या तुम्ही आणखी एक डिस्क लावणारच.

पायरी २: डब्ब्यावरचा मोठा आकडा नाही, लेबल वाचा

इथेच बहुतेक जण फसतात. पेटीवर मोठ्या अक्षरात "४५०" छापलेलं असतं. तो आकडा वाचून खूश होऊ नका. बाजूला चिकटवलेलं लेबल वाचा आणि त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात किती ॲम्पिअर लिहिलेत ते बघा. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही १२ व्होल्टवरच जगतात.

गणित शाळेतलंच आहे: व्होल्ट गुणिले ॲम्पिअर म्हणजे वॅट.

- १२ व्होल्टसमोर १६ ॲम्पिअर लिहिलं असेल, तर १२ × १६ = १९२ वॅट. नाव ४५०, पण कामाची ताकद १९२!
- १२ व्होल्टसमोर ३६ ॲम्पिअर लिहिलं असेल, तर १२ × ३६ = ४३२ वॅट. हा नावाला जागला.

दुकानात उभं राहून हा एक गुणाकार मोबाइलवर करा. लेबलवर ॲम्पिअर लिहिलेलेच नसतील तर डब्बा परत ठेवा. बीआयएसचा "आर" ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक छापलेला असेल तर तो बीआयएस केअर ॲपवर टाकून तिथेच तपासता येतो.

पायरी ३: ब्रॉन्झ की गोल्ड?

"८० प्लस" चा शिक्का सांगतो की भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती वीज कामाला लागते आणि किती उष्णता होऊन वाया जाते. ११५ व्होल्टवरच्या चाचणीत निम्म्या भारावर ब्रॉन्झला ८५ टक्के आणि गोल्डला ९० टक्के गाठावे लागतात.

आता धंद्याच्या नजरेने बघा. समजा फॉर्म भरायची मशीन सरासरी ८० वॅट खाते. ब्रॉन्झवर ती भिंतीतून साधारण ९४ वॅट ओढेल, गोल्डवर ८९. फरक ५ वॅट. रोज १० तास, वर्षाला ३०० दिवस, म्हणजे १५ युनिट. युनिटला १० रुपये धरले तर वर्षाची बचत १५० रुपये. गोल्डसाठी दीड-दोन हजार जास्त मोजले तर ते वसूल व्हायला किमान दहा वर्षं लागतील. म्हणून साध्या दुकानासाठी चांगल्या कंपनीचा ब्रॉन्झ पुरे. दिवसभर व्हिडिओ रेंडर करणाऱ्याने गोल्डचा विचार करावा.

एक लक्षात ठेवा. हा शिक्का बचतीचा आहे, सुरक्षेचा नाही. सुरक्षेसाठी माहितीपत्रकात जास्त व्होल्टेज, कमी व्होल्टेज, जास्त भार, शॉर्ट सर्किट आणि जास्त तापमान, या पाच गोष्टींपासून संरक्षण दिलंय का ते बघा. माझ्या त्या डब्ब्यात यातलं काहीच नव्हतं. म्हणून तो एकटा मेला नाही.

पायरी ४: आपल्या उन्हाळ्याचा विचार करा

काही एसएमपीएसची ताकद ४० अंश तापमानाला मोजलेली असते, काहींची ५० अंशाला. आपल्या नागपूर जिल्ह्यात मे महिन्यात बाहेरच पारा ४५ च्या वर जातो. टिनाखालच्या दुकानात, बंद डब्ब्याच्या आत काय होत असेल विचार करा. शक्यतो ५० अंशवाला घ्या. डब्बा भिंतीला चिकटवून ठेवू नका. दर तीन महिन्यांनी मशीन बंद करून, प्लग काढून ब्लोअरने धूळ आणि कापसाचे तंतू साफ करा. पण एसएमपीएस उघडू नका! प्लग काढल्यानंतरही आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर चार्ज राहू शकतो.

पायरी ५: अर्थिंग आणि यूपीएस

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात का? येत असतील तर बहुधा अर्थिंग नाही. "इतकं तर चालते" म्हणू नका. परवानाधारक वायरमनला बोलवा. तीन पिनांच्या प्लगची मोठी पिन कापणाऱ्याला तर मशीनजवळ फिरकू देऊ नका.

६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे ६०० वॅट नव्हे. बहुतेकांत ते ३६० वॅटच्या आसपास असतं. पहिल्या मशीनला तो चालेल, दुसरीला किमान १००० व्हीए लागेल. आणखी एक: काही एसएमपीएस स्वस्त यूपीएसवर जाताना मशीनच बंद पाडतात. म्हणून महत्त्वाचं काम उघडं नसताना मशीनवर भार टाका, यूपीएसचा भिंतीतला प्लग काढा आणि बघा. हे पहिल्याच दिवशी करा.

दुकानात विचारायचे चार प्रश्न

१. वॉरंटी किती वर्षांची आणि बिलावर सीरियल नंबर लिहून देता का?
२. बिघडला तर नागपुरातच बदलून मिळेल की बाहेर पाठवावा लागेल? बाहेर पाठवायचा असेल तर तेवढे दिवस तुमचं दुकान बंद.
३. माझ्या मदरबोर्डला आणि कार्डला लागणाऱ्या सगळ्या पिना यात आहेत का?
४. केबल सुट्या होतात का? होत असतील तर त्या दुसऱ्या मॉडेलला कधीही लावू नका. टोक बसलं तरी आतल्या तारांचा क्रम वेगळा असू शकतो, आणि डिस्क एका क्षणात जाते.

आता धंद्याचा खरा धडा

तुम्ही कॉम्प्युटर जोडून विकणार असाल तर हे प्रामाणिकपणे मांडू. समजा एका मशीनमागे हलका एसएमपीएस घालून तुम्ही १,५०० वाचवले. दहा मशीनमागे १५,०००. त्यातली एक जळली आणि मदरबोर्ड, डिस्क मिळून १०,००० भरून द्यावे लागले. कागदावर तरी तुम्ही ५,००० नी फायद्यात!

म्हणूनच लोक हलका माल घालतात. गणित त्यांच्या बाजूने दिसतं. पण त्या कागदावर दोन गोष्टी नसतात. एक, ज्याचे पैसे देता येत नाहीत असा माल: कुणाच्या लग्नाचे फोटो, कुणाचे पाच वर्षांचे हिशेब. दुसरी, तुमचं नाव. नागपुरात एक ग्राहक तुटला तर दुसरा येईल. खाप्यात एक तुटला तर आठवडी बाजारापर्यंत गावभर झालेलं असतं.

मग काय करायचं? हलका माल गुपचूप घालू नका आणि महागडा माल गुपचूप लादूही नका. कोटेशनमध्ये एसएमपीएसची वेगळी ओळ लिहा. कंपनी, वॅट, १२ व्होल्टचे ॲम्पिअर, वॉरंटी. ग्राहकाला तो गुणाकार स्वतः करून दाखवा. दोन मिनिटं लागतात. ज्याला कळतं तो दीड हजार जास्त देतो. ज्याच्याकडे खरंच पैसे नाहीत, त्याच्यासाठी प्रोसेसर एक पायरी खाली घ्या, एसएमपीएस नाही. मशीन थोडी हळू चालली तर चालते. जळालेली चालत नाही.

आणि मशीन देताना एक वाक्य नक्की बोला: "भाऊ, फोटोची दुसरी कॉपी वेगळ्या डिस्कवर ठेवा." चांगला एसएमपीएस धोका कमी करतो, संपवत नाही. हे वाक्य मी त्या वेळी बोललो असतो तर त्या मुलीच्या वडिलांना रिकाम्या हाताने जावं लागलं नसतं.

आजचा गृहपाठ

तुमच्या सध्याच्या कॉम्प्युटरची बाजूची पट्टी उघडा (प्लग काढून!), एसएमपीएसचं लेबल वाचा आणि १२ व्होल्टचा गुणाकार करा. मग वरच्या पद्धतीने तुमच्या मशीनची बेरीज मांडा. दोन आकडे शेजारी शेजारी लिहा. पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा लहान निघाला, तर या आठवड्यातलं पहिलं काम कोणतं ते तुम्हाला कळलंच.

पुढच्या धड्यात दुकानासाठी प्रिंटर निवडताना एका पानाचा खर्च कसा काढायचा ते बघू. तोपर्यंत काम करत राहा, हिशेब लिहीत राहा.